पेट्रोल महागल्याचे खापर तेलरोख्यांवर फोडता येणार नाही

इंधनाच्या दरांवर चर्चा सुरू झाली की एक संदेश हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा : संयुक्त पुरोगामी आघाडीच्या सरकारने तेल कंपन्यांना रोख अनुदान देण्याऐवजी रोखे (म्हणजे दरवर्षी व्याज आणि मुदतीनंतर मुद्दल देण्याची सरकारी हमी) दिले आणि ते कर्ज नंतरच्या सरकारच्या माथी मारले, त्यामुळे केंद्राला कर कमी करता येत नाही, पंपावरचा दर बाजार ठरवतो, कर लावून लूट करतात ती राज्ये, आणि रोखे फिटले की पेट्रोल स्वस्त होईल. हा युक्तिवाद केवळ कट्ट्यावरचा नाही. १६ ऑगस्ट २०२१ रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनीही उत्पादन शुल्क, म्हणजे इंधनावरचा केंद्राचा कर, कमी न करण्याचे कारण म्हणून याच रोख्यांकडे बोट दाखवले होते. म्हणूनच त्यातील प्रत्येक विधान आकड्यांशी ताडून पाहिले पाहिजे.

रोखे काढले गेले, हे खरे आहे. २००५ नंतरच्या काही वर्षांत कच्चे तेल झपाट्याने महागले. जुलै २००८ मध्ये ते पिंपाला १४७ डॉलरपर्यंत पोचले. पंपावरचे दर सरकारने दाबून ठेवले, कंपन्यांना होणारा तोटा रोख्यांच्या रूपाने भरून दिला आणि अनुदानाचा तेवढा खर्च त्या त्या वर्षाच्या वित्तीय तुटीत दिसू दिला नाही. ही पद्धत वाईट होती, कारण आजचा खर्च उद्याच्या करदात्यावर ढकलताना त्याची उघड चर्चा होत नाही. परंतु ही एकाच पक्षाची सवय नव्हती. २००२ साली वाजपेयी सरकारनेही तेल कंपन्यांची जुनी देणी भागवण्यासाठी ९,००० कोटींचे रोखे दिले होते, आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये सरकारी बँकांना नवे भांडवल पुरवण्यासाठी १.३५ लाख कोटींचे रोखे जाहीर झाले. ही रक्कम २०१४ मध्ये शिल्लक असलेल्या तेलरोख्यांच्या रकमेइतकीच, म्हणजे सुमारे १.३४ लाख कोटी, आहे.

आता कर कमी करता येत नाही, या मुख्य मुद्द्याकडे वळू. २०१४-१५ मध्ये ३,५०० कोटींचे मुद्दल फेडल्यानंतर २०२१ च्या ऑक्टोबरपर्यंत मुद्दलाचा एकही रुपया देय नव्हता; दरवर्षी जात होते ते सुमारे १०,००० कोटींचे व्याज. २०२०-२१ या एका वर्षात पेट्रोल आणि डिझेलवरील उत्पादन शुल्कातून केंद्राला मिळालेली रक्कम, सरकारनेच लोकसभेत सांगितल्याप्रमाणे, ३.३५ लाख कोटी रुपये होती. म्हणजे व्याजाचा भार या उत्पन्नाच्या तीन टक्के. लिटरमागे हिशेब केला तर चित्र आणखी स्वच्छ होते. त्या वर्षी देशात पेट्रोल आणि डिझेल मिळून साधारण १२,७०० कोटी लिटर इंधन खपले. व्याज त्यावर वाटले की लिटरमागे ८० पैसेही होत नाहीत, आणि मे २०२० पासून केंद्राचे शुल्क मात्र पेट्रोलवर लिटरमागे जवळपास ३३ रुपये होते.

याहून निर्णायक पुरावा वर्षांच्या तुलनेतून मिळतो. रोख्यांचे ओझे आणि शुल्क यांचा संदेशात सांगितलेला संबंध खरा असता, तर परतफेड जड असलेल्या वर्षी शुल्क चढे आणि हलकी असलेल्या वर्षी कमी दिसले असते. प्रत्यक्षात उलटे घडले. शुल्क सर्वाधिक होते त्या २०२०-२१ मध्ये मुद्दलाची परतफेड शून्य होती. आणि ज्या २०२४-२५ मध्ये परतफेडीचा सर्वांत मोठा, सुमारे ५२,८६० कोटींचा हप्ता येत होता, त्या वर्षी पेट्रोलवरचे शुल्क १९ रुपये ९० पैशांवर उतरलेले होते. जो भार सर्वाधिक असताना सरकारला कमी शुल्कावर भागवता आले, तो भार जवळपास नसताना चढ्या शुल्काचे कारण कसा ठरतो, याचे उत्तर हा संदेश देत नाही.

मग शुल्क वाढले कशामुळे? ते वाढले कच्चे तेल स्वस्त झाल्यामुळे. मे २०१४ मध्ये भारत घेतो त्या तेलाचा सरासरी भाव पिंपाला सुमारे १०७ डॉलर होता, जानेवारी २०१६ मध्ये तो २८ डॉलरवर आला. याच उतरणीच्या काळात, नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ दरम्यान, केंद्राने नऊ वेळा शुल्क वाढवले आणि पेट्रोलवर ११ रुपये ७७ पैसे, तर डिझेलवर १३ रुपये ४७ पैसे इतकी भर घातली. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीमुळे जगभरातील मागणी कोसळून भाव २० डॉलरच्या आसपास आला, तेव्हा मे महिन्यात एका रात्रीत पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपये वाढले. पंपावरचा दर तेवढा हलला नाही, म्हणून ती वाढ फारशी कोणाला जाणवलीही नाही. जाणवली ती पुढे तेल महागल्यावर. या निर्णयाचे समर्थन करता येते. महामारीत मोफत धान्य द्यायचे होते, रस्ते बांधायचे होते, इतर कर आटले होते. हे समर्थन सरकारने उघडपणे मांडले तर त्यावर वाद घालता येईल. माझी तक्रार आहे ती या निर्णयाची जबाबदारी न घेता तो आधीच्या सरकारच्या नावावर टाकण्याबद्दल.

डिझेलविषयी थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे, कारण चर्चा नेहमी पेट्रोलभोवतीच फिरते. मे २०१४ मध्ये डिझेलवर केंद्राचे शुल्क लिटरमागे ३ रुपये ५६ पैसे होते, सहा वर्षांनी ते ३१ रुपये ८३ पैसे झाले. म्हणजे जवळपास नऊ पट. पेट्रोल बहुतांशी दुचाकी आणि मोटारीत जाते, पण डिझेल ट्रॅक्टरच्या नांगरटीत, लासलगावहून निघालेल्या कांद्याच्या ट्रकमध्ये, साखर कारखान्याच्या ऊसवाहतुकीत, कोकणातील मच्छीमाराच्या ट्रॉलरमध्ये आणि एसटीच्या टाकीत जाते. त्यामुळे डिझेलवरील कर हा मोटार न बाळगणाऱ्याकडूनही भाजीच्या आणि तिकिटाच्या दरातून वसूल होतो. शेतकऱ्याला तर तो दोन्हीकडून बसतो : मशागत महागते, आणि वाहतुकीचा वाढीव खर्च व्यापारी त्याच्या भावातून कापून घेतो.

राज्येच लूट करतात, या मुद्द्यात अर्धे तथ्य आहे आणि महाराष्ट्राने ते नाकारू नये. २०२१ मध्ये मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईत पेट्रोलवर २६ टक्के मूल्यवर्धित कर आणि लिटरमागे १० रुपये १२ पैसे अधिभार होता. २०१५ साली राज्याने दुष्काळासाठी म्हणून लिटरमागे २ रुपये जादा घ्यायला सुरुवात केली होती. राज्याचा टक्केवारीचा कर केंद्राच्या शुल्कासह होणाऱ्या किमतीवर लागतो, म्हणजे तो करावरही कर असतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने शुल्क घटवल्यावर अनेक राज्यांनी आपलाही कर उतरवला. महाराष्ट्राने तेव्हा स्वतःहून काही केले नाही, मे २०२२ मध्ये किरकोळ कपात केली, आणि सरकार बदलल्यावर जुलै २०२२ मध्ये पेट्रोलवर ५ व डिझेलवर ३ रुपये कमी झाले.

उरलेले अर्धे मात्र संदेशात दडवले जाते. केंद्राच्या शुल्कातील फक्त मूळ उत्पादन शुल्क राज्यांशी वाटून घेतले जाते. उपकर, अधिभार आणि विशेष अतिरिक्त शुल्क पूर्णपणे केंद्राकडे राहते. फेब्रुवारी २०२१ नंतर पेट्रोलवरील ३२ रुपये ९० पैशांत मूळ शुल्क अवघे १ रुपया ४० पैसे होते. वित्त आयोगाच्या ४१ टक्क्यांच्या सूत्राने त्यातले ५७ पैसे वाटपात येतात, आणि तेही सर्व राज्यांत मिळून. केंद्राच्या करातला मोठा वाटा राज्यांनाच जातो, हे त्याच संदेशात अनेकदा जोडलेले वाक्य म्हणूनच टिकत नाही.

दर बाजार ठरवतो, हे कागदावर बरोबर आहे. पेट्रोल जून २०१० मध्ये, डिझेल ऑक्टोबर २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त झाले आणि जून २०१७ पासून दर रोज बदलू लागले. पण ४ नोव्हेंबर २०२१ पासून २१ मार्च २०२२ पर्यंत, गोवा, उत्तर प्रदेश, पंजाब यांसह पाच राज्यांच्या निवडणुकांच्या काळात, तेल महागत असूनही कंपन्यांनी दर हलवले नाहीत; निकालानंतर ६ एप्रिलपर्यंत ते सुमारे १० रुपयांनी वाढले. त्यानंतर पुन्हा दर गोठले, आणि २०२३-२४ मध्ये तीन सरकारी तेल कंपन्यांचा नफा मिळून सुमारे ८१,००० कोटींवर गेला तरी ग्राहकाला मार्च २०२४ मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, २ रुपयांचीच कपात मिळाली. घरगुती गॅसच्या तोट्यापोटी तर ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने या कंपन्यांना २२,००० कोटींचे अनुदान मंजूर केले. दर दाबायचे आणि कंपन्यांना नंतर भरपाई द्यायची, हेच तर तेलरोख्यांमागचे धोरण होते. फरक एवढाच की या वेळी रक्कम रोखीने दिली, आणि तो फरक चांगला आहे.

याच न्यायाने विरोधी बाजूचा एक लाडका दावाही तपासावा लागेल : २०१४ मध्ये तेल १०७ डॉलरला होते, २०२४-२५ मध्ये सरासरी ७८ डॉलरला, मग पेट्रोल स्वस्त का नाही? यात रुपयाची घसरण वगळलेली आहे. मे २०१४ मध्ये डॉलर सुमारे ५९ रुपयांना होता, २०२४-२५ मध्ये साडेचौऱ्याऐंशी. एका पिंपात १५९ लिटर धरले तर कच्च्या तेलाचा लिटरचा भाव तेव्हा सुमारे ४० रुपये होता, नंतर सुमारे ४२. त्यामुळे कच्चे तेल रुपयांत स्वस्त झालेले नव्हते, हे मान्य केले पाहिजे. आणि केंद्राच्या शुल्काची दहा रुपयांहून अधिक वाढ त्यावर चढलेली होती, हेही.

राहिला शेवटचा दावा, रोखे फिटले की पेट्रोल स्वस्त होईल. परतफेडीच्या वेळापत्रकात २०२५-२६ हे शेवटचे वर्ष होते आणि त्यात सुमारे ३६,९०० कोटी देय होते, म्हणजे आदल्या वर्षापेक्षा बरेच कमी. त्याच आर्थिक वर्षाच्या आरंभी, एप्रिल २०२५ मध्ये, कच्चे तेल उतरल्यावर केंद्राने पेट्रोल आणि डिझेलवरचे शुल्क प्रत्येकी २ रुपयांनी वाढवले.