मीटरवर ५ व्होल्ट दिसतात, मग डोंगल का चालत नाही?

परवा भाच्याचा फोन. "मामा, कीबोर्ड उघडलाय. यातला २२० ओहमचा रेझिस्टर कुठला ते सांग, त्याच्यावर तार टाकायचीये." म्हटलं, आधी ती सोल्डरिंग गन बाजूला ठेव. मग त्याने मेसेज पाठवला. मिडी म्हणजे कुठला सूर वाजला ते वाद्यं एकमेकांना किंवा कॉम्प्युटरला कळवतात ती पद्धत; आउट हे पाठवायचं पोर्ट, इन हे घ्यायचं. तारेऐवजी तिथे लावायचं छोटं वायरलेस यंत्र म्हणजे डोंगल. वाजवणाऱ्यांच्या ग्रुपांवर सध्या त्याच्याबद्दलचा हाच मेसेज फिरतोय: 'मिडी आउटमध्ये यूएसबीसारखेच ५ व्होल्ट असतात. कुठलंही वायरलेस डोंगल त्यावर चालतं. नाही चाललं तर आतला रेझिस्टर शॉर्ट करा. मिडी इनलाही जोडलं तर दुप्पट पॉवर. वाद्य ३.३ व्होल्टचं असेल तर नाद सोडा.' खाली पुरावा म्हणून मल्टिमीटरचा फोटो.

रेझिस्टरपासूनच, म्हणजे प्रवाहाला आवर घालणाऱ्या त्या छोट्या भागापासूनच सुरुवात करतो. बाकीचं ऐकून फार तर डोंगल चालणार नाही. हे ऐकलं तर वाद्य जाईल.

मिडीचं मूळ इलेक्ट्रिकल स्पेसिफिकेशन एका पानात मावतं आणि कुणीही वाचू शकतं. आउटच्या ५ पिनांपैकी कामाच्या तीनच. पिन ४ वर २२० ओहममधून ५ व्होल्ट, पिन ५ वर दुसऱ्या २२० ओहममधून डेटा, पिन २ ग्राउंड. समोरच्या वाद्यात आणखी २२० ओहम आणि ऑप्टोकपलरचा, म्हणजे प्रकाशातून सिग्नल पलीकडे पोचवणाऱ्या भागाचा एलईडी. सगळं मिळून ६६० ओहम; एलईडीवर पडणारे व्होल्ट वजा केले की तारेतून वाहणार साधारण ५ मिलिअँपिअर. तो एलईडी लुकलुकवणं एवढंच या पोर्टचं काम. वीज पुरवणं त्याच्या नशिबी कधी लिहिलेलंच नव्हतं.

तो रेझिस्टर कुणी कंजूषपणे बसवलेला नाही. खराब केबलमध्ये पिन ४ ची तार शील्डला, म्हणजे ग्राउंडला जोडलेल्या धातूच्या आवरणाला टेकली तरी २३ मिलिअँपिअरच्या वर काही जाऊ शकत नाही, कुणाला पत्ताही लागत नाही. त्यावर तार टाकलीत की तीच खराब केबल वाद्याची ५ व्होल्टची लाइन थेट ग्राउंडला जोडते. बहुतेक वाद्यांत त्याच लाइनवर बाकीचं सर्किटही जगत असतं. एका छोट्या डोंगलसाठी एवढी जोखीम घ्या म्हणून सांगणाऱ्याने स्वतःचं वाद्य उघडलं असेल असं मला वाटत नाही.

आता तो फोटो. मीटरवर ५.०२ दिसतंय, खोटं नाही. पण चांगल्या डिजिटल मीटरचा आतला रोध १० मेगाओहम असतो, तो पोर्टमधून जवळजवळ काहीच ओढत नाही. नळ बंद असताना पाइपातला दाब मोजून बादली किती वेळात भरेल ते सांगण्यातला हा प्रकार. १० मिलिअँपिअर ओढून बघा: रेझिस्टरवर २.२ व्होल्ट पडतात, हातात उरतात २.८. गणिताने जास्तीत जास्त मिळू शकते ती वीज २८ मिलिवॉट. यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, म्हणजे २.५ वॉट. जवळपास ९० पट! 'यूएसबीसारखेच' म्हणे.

एक कबूल करावंच लागेल. मिडी आउटवर चालणारी ब्लूटूथ डोंगलं खरोखर आहेत. यामाहाचं एमडी-बीटी०१ असंच चालतं, सीएमईचं विडी मास्टरही. कमी वीज खाणारं ब्लूटूथ काही मिलिअँपिअरवर भागवतं, आणि बनवणाऱ्यांनी हा २२० ओहम गृहीत धरूनच सर्किट आखलेलं असतं. 'काही डोंगलं चालतात' याचं 'कुठलंही चालतं' झालं, तिथे घात झाला. यूएसबीच्या विजेवर चालायला बनवलेला रिसीव्हर इथे लावून काही होणार नाही.

मिडी इनमधून दुप्पट पॉवर? इनमध्ये वीज देणारं काही नसतंच, तिथे एलईडी स्वतःच विजेची वाट बघत बसलेला असतो. दोन वाद्यांचे ग्राउंड जोडले गेल्याने येणारी घरघर (ग्राउंड लूप) नको म्हणून इनची पिन २ मुद्दाम जोडलेलीही नसते. दुप्पट कशाच्या?

आणि ३.३ व्होल्टच्या वाद्यांचा नाद सोडायची गरज नाही. मिडी स्पेसिफिकेशनच्या २०१४ च्या सुधारणेत ३.३ व्होल्टसाठी पिन ४ वर ३३ ओहम सांगितलाय. तेच १० मिलिअँपिअर ओढा, २.९७ व्होल्ट उरतात. म्हणजे भार पडल्यावर ५ व्होल्टवाल्या पोर्टपेक्षा जास्तच.

तपासायचंच असेल तर आउटच्या पिन ४ आणि पिन २ मध्ये ४७० ओहम लावा आणि त्याच्यावरचा व्होल्टेज मोजा. जुन्या ५ व्होल्टच्या पद्धतीत ३.४ च्या आसपास, ३.३ च्या नव्या पद्धतीत ३.१ च्या आसपास यायला हवा. फारच कमी आला तर बाहेरून वीज घेणारं डोंगल घ्या, वाद्य उघडू नका.

भाच्याला फोनवरच मोजायला लावलं. ३.४ आले. पोर्ट ठणठणीत. मग विचारलं, डोंगलचे दोन प्लग आहेत, कुठला कुठे लावलायस? थोडा वेळ शांतता. आउटचा प्लग इनमध्ये होता. बदलल्यावर दिवा लागला. कीबोर्ड परत बंद केलाय, एक स्क्रू उरलाय म्हणाला.