ओढणीचा निळा रंग कुर्त्याला लागला, या तक्रारीला उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही दोन तारे देऊन लिहिलंत की आमच्या एतूच्या (नायजेरियातल्या योरुबा लोकांच्या गडद निळ्या हातमागाच्या कापडाच्या) ओढणीचा रंग पहिल्याच दिवशी पांढऱ्या कुर्त्याला लागला, कापडाला वास येतो, सूत गिरणीचं दिसतं आणि 'चार-चार बोटांच्या पट्ट्या गोधडीसारख्या जोडून हातमाग म्हणून विकतात'.

कुर्ता खराब झाला ही चूक आमचीच. पहिल्या काही धुण्यांपर्यंत ही ओढणी पांढऱ्यावर घेऊ नये, अशी चिठ्ठी सोबत जायला हवी होती. ती गेली नाही, त्याबद्दल मनापासून माफी मागते.

पण रंग कच्चा नाही. नायजेरियात ओशोग्बोच्या ज्या बायका आमचं सूत रंगवतात, त्या एलू या वेलीची कोवळी पानं कुटून गोळे वाळवतात आणि राखेतून गाळलेल्या पाण्यात ते रांजणात दिवसेंदिवस आंबवतात. सूत बाहेर काढलं की आधी हिरवट-पिवळं दिसतं, वारा लागला की डोळ्यांदेखत निळं होतं. एतूचा जवळजवळ काळा निळा हवा असेल तर तेच सूत पुन्हा पुन्हा बुडवावं लागतं. नीळ धाग्याशी एकजीव होत नाही, तंतूंत अडकून बसते. म्हणून वरवरचा थर सुरुवातीला घासला की निघतो, नव्या जीन्सचा निघतो तसाच. मीठ किंवा व्हिनेगर घालून ती पक्की होत नाही, तो खटाटोप करू नका. रिठ्याच्या गार पाण्यात वेगळी धुवा, पाणी नितळ येईपर्यंत, आणि सावलीत वाळवा. वास त्या आंबवणीचा आहे, वाऱ्यावर टाकलीत की जाईल.

सुताचं तुमचं बरोबर आहे. विणकाम हाताचं, पण सूत गिरणीचं. आमच्या पानावर नुसतं 'हातमाग' लिहिलं होतं, आज ते स्पष्ट केलं.

पट्ट्यांचं मात्र मला मान्य नाही. नायजेरियातल्याच इसेयिन शहरातल्या विणकरांचा माग मुळातच अरुंद. ताणा समोर लांबवर ताणलेला असतो, त्याच्या टोकाला दगडाचं वजन. विणकर धोटा टाकत जातो तसा तो दगड हळूहळू त्याच्याकडे ओढला जातो. अशी लांबच लांब पट्टी निघते, मग ती कापून काठाला काठ लावून शिवतात. पुरुषांचा आग्बादा हा घेरदार झगासुद्धा अशाच पट्ट्यांचा होतो. योरुबा भाषेत एतू म्हणजे गिनी कोंबडी, गडद अंगावर पांढरे ठिपके असलेली. निळ्यावरच्या त्या बारीक फिक्या रेषा तिच्या पिसांची आठवण देतात. आलारी, सान्यान आणि एतू ही योरुबा लोकांची मानाची तीन वस्त्रं. माझ्या आजीची गोधडी मी अजून जपून ठेवली आहे, तिला मी कमी लेखत नाही. पण गोधडी जुन्या कापडाची असते, ही पट्टी जोडण्यासाठीच विणलेली असते. त्यामुळे तुमचं ते वाक्य मला लागलं.

कुर्त्याच्या ड्रायक्लीनिंगची पावती पाठवा, खर्च आम्ही देऊ. डाग गेला नाही तर कुर्त्याची किंमत देऊ. ओढणी नकोच असेल तर धुतलेली असली तरी परत घेऊ, कुरियर आमच्या खर्चानं, पैसे पूर्ण मिळतील.