उणे चाळीससाठी काचेचा महाल: काही प्रेमळ सूचना

हाडं गोठवणाऱ्या प्रदेशात ऑफिसची नाहीतर मॉलची इमारत उभारायचं काम तुम्हाला मिळालंय? अभिनंदन. पहिली सूचना: जागा बघायला जुलैतच जा. ऊन असतं, गवत असतं, फोटो झकास येतात. जानेवारीत गेलात तर पेनातली शाई गोठते, मोबाइलची बॅटरी मान टाकते आणि डोक्यात नको नको ते प्रश्न येतात.

काच सढळ हातानं लावा. चित्रात काच चमकते, आणि मालक चित्रावरच सही करतो. चौकट ॲल्युमिनियमची, आतून बाहेरपर्यंत एकसंध. उष्णतेची वाट अडवायला मधे प्लास्टिकची पट्टी घालतात म्हणे; पण ती चित्रात दिसत नाही, मग तिचे पैसे कशाला? ॲल्युमिनियम लाकडाच्या हजारपटीहून जास्त उष्णता वाहून नेतं, तर नेऊ दे. २१ अंशांच्या खोलीत ५० टक्के आर्द्रता असेल, तर साधारण १० अंशांखालच्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरतं. तुमची चौकट तर शून्याच्याही खाली गेलेली. खिडकीशी बसणाऱ्या कारकुनाला सकाळी आतल्या बाजूला बर्फाची नाजूक नक्षी दिसेल, आणि दुपारी तीच नक्षी त्याच्या फायलींवर उतरेल. त्यानं तक्रार केली तर आर्द्रता कमी करा. मग ओठ फुटतील, पण तो ज्याचा त्याचा वैयक्तिक प्रश्न.

इमारत उंच हवीच. आतली गरम हवा वर धावते, वरच्या फटींतून पळते आणि तळमजल्यावर बाहेरची हवा ओढून घेते. बाहेर उणे ४० असेल, तर शंभर मीटर उंचीच्या इमारतीत तळाच्या दारावर तीसेक किलोचा जोर सहज येतो. लिफ्टची दारं शिट्ट्या मारतात. थिओफिलस व्हॅन कॅनेल यांनी १८८८ मध्ये फिरत्या दाराचं पेटंट घेतलं, ते अशाच हवेला तोंड द्यायला. पण तुम्ही दुहेरी दाराची खोली आणि फिरतं दार दोन्ही गाळा, जागा वाया जाते. दोन झडपांचं एकच भव्य दार ठेवा, आणि स्वागतकक्षातल्या मुलीला ओव्हरकोट द्या, कंपनीचा लोगो छापून.

जमीन कायमची गोठलेली असेल तर फारच छान, दगडासारखी टणक असते! सैबेरियातल्या याकुत्स्क शहरातले लोक भित्रे. इमारती खांबांवर उचलून खालून थंड वारा खेळता ठेवतात, आतल्या उबेनं जमीन विरघळू नये म्हणून. तुम्ही तळघरात बॉयलर बसवा आणि थेट जमिनीवर स्लॅब टाका. थोड्या वर्षांत एक कोपरा खचला तर त्याला इमारतीचं व्यक्तिमत्त्व म्हणा. (२०२० च्या मे महिन्यात रशियातल्या नोरिल्स्क शहराजवळ इंधनाच्या टाकीचा पाया खचला आणि वीस हजार टनांच्या आसपास डिझेल बाहेर पडलं. तुमच्याकडे डिझेल नाही, निव्वळ माणसं आहेत. चिंता नसावी.)

छपराबद्दल फार बोलायला नको. पोटमाळ्यातून ऊब गळू द्या. वरचा बर्फ वितळून वळचणीपर्यंत येतो, तिथे पुन्हा गोठतो आणि बांध घालतो. मागचं पाणी मग पत्र्याखाली शिरतं. खाली लोंबणारी बर्फाची सुळकी नेमकी प्रवेशद्वारावर येतील अशी उतरण काढा, भव्यतेत भर पडते. ताज्या हवेची जाळी मात्र जमिनीलगत ठेवा, म्हणजे पहिल्याच वादळात बर्फ तिला बुजवून टाकेल आणि बाहेरची गार हवा आत यायची थांबेल.

आता माझी लाडकी गोष्ट, भिंत. ओलावा अडवणारा पडदा उबेच्या बाजूला, म्हणजे आतून, लावायचा असतो, आणि सांधे नीट चिकटवायचे असतात. पण इलेक्ट्रिशियनला बॉक्स बसवायचाय, प्लंबरला पाइप न्यायचाय. त्यांना मनसोक्त भोकं पाडू द्या. नकाशात पडद्याची रेघ सलग आहे ना? झालं तर! त्या भोकांतून ऑफिसभरच्या श्वासांची, चहाची, ओल्या बुटांची वाफ पाच महिने भिंतीत जात राहते आणि बाहेरच्या पत्र्याला आतून बर्फ होऊन चिकटते. थर बोटभर होतो. कोणाला पत्ता नसतो, कारण सगळं कोरडं दिसतं.

मग एप्रिलमधली पहिली उबदार दुपार. आकाश स्वच्छ, कित्येक दिवसांत पावसाचा थेंब नाही, आणि मीटिंग रूमच्या छताच्या कडेनं पाणी टपकायला लागतं. मालकाचा फोन येईल: छत गळतंय. अजिबात वाद घालू नका. छपरवाल्याला बोलवा. तो वर चढेल, भोक शोधेल, सापडणार नाही, तरी माणूस आलाय म्हणून चार ठिकाणी डांबर फासून उतरेल. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. आठवड्याभरात टपकणं थांबतं, भिंतीत साठलेलं संपलं म्हणून. श्रेय डांबराला जातं, आणि पुढच्या एप्रिलमध्ये मालक त्याच माणसाला फोन लावतो.