तांदळातलं नाव

आत्ताच लग्नाहून आले, पाय ठणकतायत, पण हे टाईप केल्याशिवाय झोप लागायची नाही.

चुलत भाच्याचं लग्न. ताटात तांदूळ पसरले, नवरदेवाने अंगठीने बायकोचं नवं नाव लिहिलं, तर फोटोग्राफर म्हणतो दादा पुसा आणि परत लिहा, फोकस गेला. म्हणजे आमच्या डोळ्यांदेखत प्राजक्ताची रेवा दोनदा झाली. का, तर प्राजक्ता नाव लांबलचक आहे म्हणे! एमटेक झालेली पोरगी, पासपोर्ट, डिग्री, पगार सगळं त्या लांबलचक नावावर, तेव्हा नाही कुणाला लांब वाटलं.

मला सारखी आई आठवत होती. आई माहेरची कमल. 1974 ला अशाच ताटात शैलजा झाली, तिला कुणी विचारलंसुद्धा नाही. तीसेक वर्षांनी मामा आले, जमिनीच्या हक्कसोडाचे कागद घेऊन. सातबाऱ्यावर कमल, बाकी सगळीकडे शैलजा. मग काय, स्टॅम्प पेपरवर लिहून द्या की 'कमल आणि शैलजा या दोन्ही एकच व्यक्ती आहेत.' स्वतःच्या आईबद्दल असलं वाक्य वाचून बघा एकदा.

हो, माहितीये, रेवा हे नाव तिने स्वतःच निवडलंय, इन्स्टावर आधीच टाकलं होतं. आवडतं काहीजणींना. बरं. पण नवऱ्याला कुणी म्हणालं का, तूही निवड एखादं, हौसेने? कायद्यात कुठेही नाव बदला असं लिहिलेलं नाही, तरी बाईनेच का दोन-दोन नावांनी जगायचं?

आणि गंमत बघा, 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात सरकारने आईचं नाव घातलंय, वडिलांच्याही आधी. छानच झालं. पण आईचं कुठलं नाव, दाखल्यातलं की तांदळातलं?

त्या दिवशी ऑफिसात आईने विचारलं, सही कुठली करू? क्लार्क मान वर न करता म्हणाला, दोन्ही. शैलजा झरकन झाली. कमल लिहायला मात्र ओठ दाबून बसली, चौथीतल्या पोरीसारखं एकेक अक्षर, 'ळ' लिहिला, खोडला, 'ल' केला. 2005 ला मुलींना वडिलोपार्जित जमिनीत बरोबरीचा वाटा मिळाला आणि आमच्या घरात कमल हे नाव कामाला आलं ते वाटा सोडायला! मामांवर राग नाही माझा. खोटं कशाला बोलू, आहे थोडा.

असो. आज आईही होती. आहेराच्या पाकिटावर तिने घरूनच लिहून आणलेलं, चि. सौ. कां. प्राजक्ता. वरमाईंनी बघितलं, म्हणाल्या अहो आता रेवा झाली ना ती, खोडून लिहा की.

आई म्हणाली, पेन नाहीये हो जवळ.

पर्समध्ये दोन होते.