रेडिएटर तळाला बसवायचा सल्ला देणाऱ्यांनो, पंपाचं नुकसान तुम्ही भरून देणार का?

भाच्याचा परवा रात्री फोन. "मामा, कॉम्प्युटरमधून खळखळ येतंय. अर्धी भरलेली बाटली हलवल्यासारखं." व्हिडिओ कॉलवर झाकण उघडायला लावलं, तर प्रोसेसर पाण्याने गार ठेवणाऱ्या वॉटर कूलरचा रेडिएटर (गरम पाणी जिथे आपली उष्णता हवेत सोडतं तो जाळीदार भाग) कॅबिनेटच्या तळाला, मागचा फॅन काढून ड्रॉवरमध्ये आणि उरलेले सगळे फॅन आत हवा ओढणारे. हे ज्ञान कुठून आलं? 'वॉटर कूलिंग असेल तर या चार गोष्टी कराच' या मेसेजमधून. मलाही तो आतापर्यंत तीन जणांनी पाठवलाय, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

पहिली गोष्ट: 'थंड हवा खाली असते, म्हणून रेडिएटर तळाला बसवा.' ऐकायला किती शहाणपणाचं! पण तयार मिळणाऱ्या बंद कूलरमध्ये, म्हणजे एआयओमध्ये, पाणी काठोकाठ नसतं. थोडी हवा पहिल्या दिवसापासून आत असते, आणि नळ्यांतून पाण्याचा अंश हळूहळू उडून जातो तशी ती वाढते. ही हवा जाऊन बसते सगळ्यात उंच जागी. बहुतेक मॉडेलांत पाणी फिरवणारा पंप प्रोसेसरवर बसणाऱ्या डबीत, म्हणजे ब्लॉकमध्येच असतो. रेडिएटर तळाला नेलात की सगळ्यात उंच जागा कोणती? पंपच! मग तो पाण्याऐवजी बुडबुडे घुसळत बसतो, प्रोसेसर तापतो आणि पंपाचं आयुष्य घटतं. यूट्यूबवरच्या 'गेमर्स नेक्सस' या कॉम्प्युटर हार्डवेअर चॅनेलच्या स्टीव्ह बर्क यांनी २०२० साली या एका चुकीवर अख्खा व्हिडिओ केलाय, तो बघा. नियम एवढाच: रेडिएटरचं वरचं टोक पंपापेक्षा उंच हवं. छताला उत्तम, पुढच्या बाजूला उभा असेल तरी चालतो.

हो, तळाला रेडिएटर असलेल्या देखण्या मशीनचे फोटो मीही पाहिलेत. त्यात बहुतेक कस्टम लूप असतात, म्हणजे सुटे भाग जोडून स्वतः बनवलेलं वॉटर कूलिंग. त्यात वर वेगळी टाकी असते आणि हवा तिच्यात गोळा होते. तिथे तळाचा रेडिएटर बिनधास्त चालतो, मान्य. पण भाच्याकडे टाकी नाही, आणि मेसेज लिहिणाऱ्याला हा फरक माहीत असल्याचं दिसत नाही.

दुसरी गोष्ट ऐकून तर मी कपाळाला हात लावला. 'उष्णता पाणी घेतं, मग मागचा फॅन कशाला?' अहो, पाणी उष्णता खात नाही, फक्त वाहून नेतं. रेडिएटरपाशी ती शेवटी हवेतच सोडायची असते. हिशोब करा. एक घनमीटर हवा १० अंशांनी तापायला साधारण १२ किलोज्यूल लागतात. खेळताना मशीन ५०० वॅट ओढत असेल, तर तापमान तेवढ्यावर रोखायला दर २४ सेकंदांना एक घनमीटर हवा बाहेर पडायला हवी. कॅबिनेट ५० लिटरचं धरलं, तर आतली सगळी हवा दर सव्वा सेकंदाला बदलायची! 'गरम हवा आपोआप वर जाते' या भरवशावर हे होत नाही. शिवाय व्हीआरएम (प्रोसेसरला वीज पुरवणारे मदरबोर्डवरचे भाग), रॅम आणि एसएसडीपर्यंत एआयओची नळी जातच नाही. साधा एअर कूलर निदान शेजारच्या व्हीआरएमवर थोडा वारा घालायचा. तो गेला, वर मागचा फॅनही गेला.

तिसरी, 'सगळे फॅन आत ओढणारे लावा.' यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने कबूल करतो: बाहेर टाकण्यापेक्षा आत ओढणं थोडं जास्त असेल आणि फिल्टर असतील, तर फटींतून धूळ कमी शिरते. 'थोडं जास्त' म्हणजे 'सगळे' नव्हे.

चौथी, 'रेडिएटरच्या दोन्ही बाजूंना फॅन लावा, गारवा दुप्पट.' जाड रेडिएटरला दोन-चार अंशांचा फरक पडला तर पडला. दुप्पट वगैरे काही नाही, आणि कितीही फॅन लावा, पाणी खोलीतल्या हवेपेक्षा गार होणार नाही.

भाच्याने काल रेडिएटर छताला चढवला. कॅबिनेट जरा इकडे-तिकडे कलतं केल्यावर खळखळ थांबली. मागचा फॅनही परत लागला. "पण वारा नक्की बाहेरच जातोय ना?" टिश्यूची पट्टी बाहेरून जाळीशी धर म्हटलं. पट्टी जाळीला जाऊन चिकटली. फॅन उलटा! मोटर धरणाऱ्या दांड्या ज्या बाजूला, त्या बाजूने हवा बाहेर पडते, हे त्या मेसेजमध्ये कुठेच नव्हतं.