आजीच्या अश्वगंधेने पेटंट पडत नाही

पूर्व भागापासून जुळे सोलापूरपर्यंत ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: दारू-तंबाखू सोडताना होणारी थरथर, तळमळ यांवर अश्वगंधेच्या अर्काचं पेटंट परदेशी कंपनीने घेतलं. हे तर आजीलाही माहीत होतं, म्हणून ते आपोआप रद्द होणार, हळदीचं आठवा. तोवर आपल्या वैद्यांना रॉयल्टी भरावी लागणार. आणि शेवटी, अश्वगंधा घ्या, दारू एका रात्रीत सोडा.

पेटंटचा नंबर नाही, देशही नाही. असो.

रॉयल्टीचं आधी उरकतो. पेटंट ज्या देशाने दिलं तिथेच चालतं. अमेरिकेतल्या पेटंटवरून मंगळवार पेठेतल्या वैद्याकडून कुणी पैसे मागू शकत नाही. आपल्याकडे तर पेटंट कायद्याच्या कलम ३ नुसार माहीत असलेल्या पदार्थाचा नुसता नवा उपयोग, माणसावरची उपचारपद्धती आणि पारंपरिक ज्ञान या तिन्हींना पेटंट मिळत नाही.

आता आजी. तिला काय माहीत होतं? अशक्तपणाला, झोपेला दुधातून अश्वगंधा. दारू सोडल्यावर होणाऱ्या थरथरीवर नव्हे. नेमका हाच उपयोग आधी कुठे नोंदलेला असेल तर दावा नवा नाही, पेटंट टिकणार नाही, विषय संपला. नसेल, तर प्रश्न वेगळा होतो: अर्जाच्या तारखेला त्या विषयातल्या जाणकाराला, तेव्हाची माहिती जोडून, हे सहज सुचलं असतं का, आणि गुण येईल अशी रास्त अपेक्षा असती का?

खरं हत्यार मेसेजवाल्यांनी वापरलंच नाही. १९९७ साली कुलकर्णी आणि निनान यांचा उंदरांवरचा अभ्यास छापून आला. अफूपासून मिळणाऱ्या मॉर्फिनची सवय लागलेला उंदीर ते बंद झालं की उड्या मारतो. अश्वगंधा दिलेल्यांच्या उड्या कमी झाल्या. त्यानंतर कुणी अफूच्या व्यसनासाठी हाच दावा केला तर हा पेपर समोर टाकता येतो. पण दारूसाठी? दारू आणि अफू मेंदूत वेगवेगळ्या ठिकाणी काम करतात, निकोटीन तिसरीकडेच. अफूवरून दारूवर, उंदरावरून माणसावर जाताना प्रत्येक टप्प्यावर पेटंटवाल्याच्या वकिलाला जागा मिळते. अर्क खास पद्धतीने काढलेला आणि परिणाम अनपेक्षित असेल, तर आणखीच.

हळदीचं जरूर आठवा, पण पूर्ण. १९९५ ला मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालेलं पेटंट १९९७ मध्ये रद्द झालं, ते सीएसआयआर या भारत सरकारच्या संशोधन संस्थेने जुने ग्रंथ आणि १९५३ चा छापील लेख पुराव्यात दिला म्हणून. कडुनिंबाचं युरोपातलं पेटंट २००० मध्ये रद्द झालं. अपिलाचा निकाल लागायला २००५ उजाडलं. यात आपोआप काय होतं?

एका रात्रीत दारू सोडण्याचा सल्ला मात्र जिवावर बेतणारा आहे. पेटंट ऑफिस औषधाचा गुण तपासून बघत नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. अशा माणसाला अर्क पाजत घरी ठेवू नका, सिव्हिलला न्या.