टूथपेस्ट घासून लेन्स शार्प होत नाही: फिरत्या मेसेजला उत्तर

लग्नसराई तोंडावर आली की फोटोग्राफर मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठलाही ग्रुप उघडा, तो दिसतोच. मी आजवर दुर्लक्ष केलं. पण परवा अमळनेरहून भाच्याचा फोन आला. त्यानं जुना १२ मेगापिक्सेलचा डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) देऊन २४ मेगापिक्सेलचा नवा मिररलेस (बिनआरशाचा) घेतलाय. लेन्स जुन्याच आहेत, मध्ये अ‍ॅडॉप्टर लावून वापरतो. फोटो सॉफ्ट, म्हणजे पुसट, येतायत म्हणून त्यानं ग्रुपवर विचारलं, तर उत्तरादाखल हाच मेसेज मिळाला. मला विचारतो, "मामा, पेस्ट कोनती घसू, पांढरी का जेलवाली?" आता गप्प बसणं शक्य नाही.

मेसेज ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. नव्या कॅमेऱ्यावर फोटो सॉफ्ट येत असेल तर दोष लेन्सचाच, कारण ऑटोफोकस कॉम्प्युटरचा असतो आणि तो चुकत नाही. जुन्या लेन्स २४ मेगापिक्सेलला चालत नाहीत, विकून टाका. विकायची नसेल तर पुढच्या काचेवर टूथपेस्ट घासा. आत बुरशी असेल तर लेन्स मे महिन्याच्या उन्हात दोन तास ठेवा. एफ/२२ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र अगदी बारीक करून, फोटो काढा, सर्वात शार्प येतो. आणि यूव्ही फिल्टर लावा, त्यानं शार्पनेस वाढतो. एवढं सगळं, आणि खाली 'प्रत्येक फोटोग्राफरपर्यंत पोचवा'.

आधी पेस्टचं बघू, कारण बाकीच्या सल्ल्यांनी फोटो बिघडतील किंवा पैसे जातील, पण हा सल्ला काचच कायमची घालवतो.

लेन्सच्या काचेवर तिरपं पाहिलं की जांभळट-हिरवट झाक दिसते. ते कोटिंग. १९३५ साली झाईस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी हे तंत्र काढलं. मॅग्नेशियम फ्लोराइडचा असा एक थर साधारण ०.१ मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे मिलिमीटरचा दहा हजारावा भाग. टूथपेस्टमध्ये दात घासण्यासाठी चुनखडीची किंवा सिलिकाची पूड असते आणि तिचे कण काही मायक्रॉनचे असतात. थराच्या जाडीपेक्षा कितीतरी पट मोठे कण घेऊन तुम्ही त्या थरावर गोल गोल घासणार. पैठणीचा जरीकाठ काथ्यानं घासण्यातला हा प्रकार आहे.

कोटिंग गेलं तर काय होतं तेही सांगतो. उघड्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. झूम लेन्समध्ये काचांचे दहा गट धरले तर हवेला लागलेले पृष्ठभाग २० होतात. एकावरही कोटिंग नसेल तर निम्म्याहून कमी प्रकाश सेन्सरपर्यंत (फोटो टिपणाऱ्या चिपपर्यंत) पोचेल आणि परत फिरलेला बराचसा आतल्या आत आपटत फोटो पांढुरका करेल. पेस्ट लागते फक्त पुढच्या काचेला, हे खरं. पण मांडवातल्या एलईडी माळा, वरातीतले फोकस लाइट, व्हिडिओवाल्याचा दिवा, हे सगळं थेट त्याच काचेवर येतं. तिथं बारीक ओरखड्यांचं जाळं पडलं की दिवा समोर आल्याबरोबर सगळा फोटो धुरकट. भाचा फोटो सॉफ्ट येतो म्हणून काच घासणार होता. घासल्यावर तो खरोखरच सॉफ्ट आला असता, आणि मग मेसेज खरा ठरला असता.

पेस्टनं सीडीवरचा ओरखडा काही वेळा जातो, हे मान्य. सीडीला जाड प्लास्टिक असतं, थोडं झिजलं तरी चालतं. कॅमेऱ्याच्या लेन्सला ते लागू नाही. लेन्स पुसायची असेल तर आधी ब्लोअरनं धूळ उडवायची, मग मऊ ब्रश, आणि बोटाचा तेलकट डाग असेल तरच मायक्रोफायबरवर लेन्स क्लीनरचा थेंब टाकून मधून कडेला हलक्या हातानं. यापुढं काही नाही.

उन्हाचा सल्लाही तसाच. भुसावळ-जळगावला मे महिन्यात सावलीत ४४-४५ अंश होतात. घराच्या धाब्यावर त्या उन्हात काळी लेन्स किती तापेल याचा विचार करा. आतलं ग्रीस पातळ होऊन अ‍ॅपर्चरच्या (प्रकाशाचं छिद्र लहानमोठं करणाऱ्या) पात्यांवर उतरतं आणि पाती चिकटायला लागतात. झाकणं काढून ठेवलीत तर लेन्स ऊन एका बिंदूवर गोळा करते, खाली काय असेल ते जळतं. कॅमेऱ्याला लावून ठेवलीत तर शटरचा पडदा किंवा सेन्सर जाईल. आणि एवढं करून मिळतं काय? बुरशी मेली असं धरलं तरी तिनं सोडलेल्या आम्लानं कोटिंगवर पडलेले चरे तसेच राहतात. पावसाळ्यात चामडी केसमध्ये लेन्स कपाटात पडून राहिली की बुरशी धरते आणि फोटोचा कॉन्ट्रास्ट जातो, एवढं त्या मेसेजमधलं खरं आहे. उपाय म्हणजे घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि आत छोटा आर्द्रतामापक. ४० ते ५० टक्के आर्द्रता राहिली पाहिजे. आत बुरशी दिसत असेल तर लेन्स उघडणारा कारागीर गाठा, स्वतः स्क्रू काढू नका.

आता 'ऑटोफोकस चुकत नाही'. सॉफ्ट फोटोंमागचं सर्वात मोठं कारण या एका वाक्यानं झाकून टाकलंय, म्हणून माझा सगळ्यात जास्त राग यावर आहे.

भाच्याला म्हटलं, मूळ फाइल पाठव. त्यानं आधी व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला. ग्रुपवरही त्यानं तोच टाकला होता आणि तो बघून लोकांनी लेन्स मेली असा निकाल दिला. व्हॉट्सअ‍ॅप फोटो बारीक करतं, दाबतं, त्यावरून लेन्सची परीक्षा होऊच शकत नाही. मग त्यानं डॉक्युमेंट म्हणून फाइल पाठवली. नवरीचा क्लोजअप, ५० एमएम लेन्स, एफ/१.८ (छिद्र मोठं उघडं), पाचेक फुटांवरून. १०० टक्के मोठा करून पाहिला. डोळे आउट. पण कपाळावरून लोंबणाऱ्या मुंडावळीचा मोती न् मोती वेगळा दिसत होता, दोराचा पीळसुद्धा. ज्या लेन्सनं दोऱ्याचा पीळ पकडला तिची काच खराब कशी म्हणायची? कॅमेऱ्यानं फोकस मुंडावळीवर धरला होता. पाच फुटांवर एफ/१.८ ला या कॅमेऱ्यात नीट दिसणारी खोली सहा-सात सेंटीमीटरचीच, आणि फाइल १०० टक्क्यांवर पाहिली तर त्याहून कमी. फोकसचा भाग ऑटोवर ठेवला की कॅमेरा बहुतेक वेळा जवळची, ठळक वस्तू धरतो. नवऱ्या-नवरीच्या चेहऱ्यापुढं ती वस्तू मुंडावळी असते, हार असतो, कधी अक्षता टाकणाऱ्याचा हात. सिंगल पॉइंट घ्या, डोळ्यावर ठेवा. कॅमेऱ्यात डोळा ओळखायची सोय असेल तर ती चालू करा, पण मुंडावळीमागचा डोळा तिला सापडलाय का हे पडद्यावर बघा.

दुसरा फोटो वरातीतला. शटर १/६० सेकंद. मागच्या दिव्यांची माळ स्वच्छ, नाचणारी पोरं पुसट. दिवे स्वच्छ आहेत म्हणजे हात हलला नाही, पोरं हलली. तिथं निदान १/२५० पाहिजे, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढला तर वाढू द्या. सगळा फोटो एकाच दिशेनं ओढल्यासारखा दिसत असेल तर हात हललाय.

डीएसएलआरवाल्यांची आणखी एक भानगड असते. तिथं फोकस मोजणारा सेन्सर आरशाखाली वेगळा असतो, आणि तो आणि मुख्य सेन्सर यांच्यात किंचित फरक राहिला तर प्रत्येक फोटो थोडा पुढं किंवा मागं फोकस होतो. ऑटोफोकस चुकतच नसता तर २००७ मध्ये कॅननच्या १डी मार्क ३ मध्ये आणि निकॉनच्या डी३, डी३०० मध्ये फोकस जुळवून घ्यायची सोय कंपन्यांनी दिलीच नसती. मिररलेसमध्ये फोकस मुख्य सेन्सरवरच मोजला जातो, म्हणून हा दोष तिथं सहसा येत नाही.

जुन्या लेन्स २४ मेगापिक्सेलला चालत नाहीत, या मुद्द्यात अर्धं खरं आहे आणि ते मला मान्य करावं लागतंय. जास्त पिक्सेलचा सेन्सर लेन्सचे दोष जास्त स्पष्ट दाखवतो, विशेषतः कोपऱ्यांत आणि पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला. निकॉननं २०१२ मध्ये ३६.३ मेगापिक्सेलचा डी८०० काढला तेव्हा त्याच्यासोबत एक तांत्रिक मार्गदर्शिका दिली. तीत चांगल्या लेन्सची यादी आहेच. पण ती तेवढ्यावर थांबत नाही. पिक्सेल वाढले की हात हलल्याचा आणि फोकस चुकल्याचा दोष जास्त दिसतो, म्हणून ट्रायपॉड वापरा, लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर, मोठं करून फोकस करा, हेही ती सांगते. कॅमेरा विकणारी कंपनी स्वतः हे छापते, आणि आपल्या ग्रुपवर सल्ला येतो की लेन्स विका.

तीच लेन्स नव्या सेन्सरवर लावली म्हणून फोटो आधीपेक्षा वाईट होत नाही. वाईट दिसतो, कारण आपण तो जास्त मोठा करून बघतो. भाच्याच्या जुन्या कॅमेऱ्याची फाइल ४२८८ पिक्सेल रुंद होती, नव्याची ६००० आहे. साध्या मॉनिटरवर १०० टक्क्यांनी पाहिलं तर ६००० पिक्सेलचा फोटो पाच फुटांहून रुंद होतो आणि आपण त्याचा एक तुकडा नाकासमोर धरून बघत असतो. अल्बमच्या १२ बाय ३६ इंची पानावर दोन्ही फोटो शेजारी छापा, नवा कुठंही मागं पडणार नाही. चाळीसगावला स्टेशनजवळ छायाचित्रकार केकी मूस यांचं घर आहे, आता कलादालन. ते १९८९ ला गेले, डिजिटल कॅमेरे सर्रास यायच्या आधी. त्या काळच्या लेन्सनं टेबलावर मांडणी करून काढलेली त्यांची छायाचित्रं एकदा जाऊन बघा आणि मग जुनी लेन्स भंगारात काढा.

एफ/२२ चा सल्ला तर सरळ उलटा आहे. छिद्र जितकं बारीक तितका प्रकाश कडेला पसरतो, हे जॉर्ज एअरी यांनी १८३५ मध्येच गणितानं मांडलं. हिरव्या प्रकाशाचा एक ठिपका एफ/८ ला सेन्सरवर साधारण ११ मायक्रॉनचा पडतो, एफ/२२ ला २९ मायक्रॉनचा. भाच्याच्या सेन्सरचा एक पिक्सेल ३.९ मायक्रॉनचा आहे. एफ/२२ वर एकच ठिपका सात पिक्सेलांवर पसरणार. शिवाय एफ/५.६ वरून एफ/२२ वर गेलात की प्रकाश सोळा पट कमी, म्हणजे १/१६० चं शटर १/१० वर येतं. मांडवात हातात कॅमेरा धरून १/१० ला काढलेला फोटो हलणारच. बहुतेक झूम लेन्स एफ/५.६ ते एफ/८ दरम्यान उत्तम चालतात.

यूव्ही फिल्टरनं शार्पनेस वाढत नाही. सेन्सरपुढं अतिनील किरण अडवणारी काच आधीच असते. धुळीच्या वाऱ्यात पुढची काच वाचावी म्हणून लावा, रात्री दिव्यांसमोर काढून ठेवा.

हवेचा विषय मेसेजमध्ये नाहीच. मे महिन्यात दुपारी यावल-रावेरच्या बाजूनं टेलिफोटोनं सातपुडा टिपला तर तो सॉफ्टच येणार, कारण तापलेल्या काळ्या जमिनीवरची हवा थरथरते. होमाच्या आगीवरून काढलेला चेहराही तसाच येतो. जागा बदला.

लेन्सवर खरंच शंका असेल तर तपासणी घरात होते. भिंतीवर वर्तमानपत्राचं उघडं पान ताणून चिकटवा, मधोमध छोटा आरसा लावा. ट्रायपॉडवरच्या कॅमेऱ्यातून आरशात तुमच्याच लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मधे दिसलं की कॅमेरा भिंतीला सरळ झाला. मग आरसा काढा, स्टॅबिलायझेशन बंद करा, आयएसओ १००, एफ/५.६, पडद्यावर मोठं करून मधल्या अक्षरांवर फोकस, दोन सेकंदांचा टायमर. चारही कोपऱ्यांतली अक्षरं बघा. एकच बाजू सॉफ्ट असेल तर कॅमेरा उलटा धरून पुन्हा घ्या. सॉफ्टपणा वर्तमानपत्राच्या त्याच कोपऱ्यात राहिला तर मांडणी वाकडी आहे. तो फोटोच्या त्याच बाजूला राहिला तर लेन्समधली काच सरकलेली आहे. तेव्हा अ‍ॅडॉप्टर आणि माउंट पुसून, घट्ट बसलंय ना ते बघून एकदा खात्री करा, आणि तरी तेच आलं तर मूळ फाइली पेनड्राइव्हवर घेऊन सर्व्हिस सेंटरला जा. कोणती काच सरकली, काय दुरुस्त करणार आणि किती खर्च येणार, हे लेन्स ताब्यात देण्याआधी कागदावर लिहून घ्या.